तबकडी, हायबॉल आणि कानातला रातकिडा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आष्टीत एका लग्नाची वरात निघाली. पुतण्या डीजेच्या गाडीला खेटून दोन-अडीच तास नाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "काका, उजव्या कानात रातकिडा ओरडायलाय." दोन दिवसांत थांबेल, असं घरात सगळ्यांनी सांगितलं. मीही तेच सांगितलं, आणि आरोग्यावर लिहिणाऱ्या माणसाने ते सांगायला नको होतं. रातकिडा अजून थांबलेला नाही.

पुतण्या मुंबईत नोकरीला असतो. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो मला जपानी धर्तीच्या एका 'लिसनिंग लाउंज'मध्ये घेऊन गेला. मंद दिवे, भिंतभर जुन्या एलपी, दोन तबकडीयंत्रं आणि कपाटाएवढे लाकडी स्पीकर. लोक हळू बोलत होते. पुतण्याने हायबॉल मागवला, म्हणजे व्हिस्की आणि भरपूर सोडा. मी लिंबू-सोड्यावर भागवलं. पणजीतही 'फॉर द रेकॉर्ड' नावाचा असा तबकड्यांचा बार आहे.

मूळ कल्पना जपानच्या 'जॅझ किस्सा'ची. आपल्या किश्शाशी याचा संबंध नाही. 'किस्सातेन' म्हणजे चहा-कॉफीचं दुकान. परदेशी तबकड्या सामान्य माणसाला परवडत नसत. मग एका कप कॉफीवर तासन् तास बसून लोक दुकानातल्या तबकड्या ऐकत. अनेक ठिकाणी बोलायलाही मनाई असे. दारू तिथे नंतर आली.

तीच तबकडी आमच्या गावात आली ती लिंबाच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून. लग्न म्हटलं की रेकॉर्डवाला यायचा आणि एकच रेकॉर्ड शेजारच्या शिवारापर्यंत ऐकू जायची. ऐकणाऱ्याला पर्याय नव्हता. पण कर्णा झाडावर होता आणि आम्ही खाली, लांब. आता स्पीकरची भिंत माणसाच्या छातीशी आली आहे.

लाउंजमध्ये मी मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप उघडलं. आकडा ७२ ते ७६ डेसिबलमध्ये फिरत होता. मोबाइलचं माप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि कानाला मिळणारी मुदत निम्मी. ९० डेसिबलला जेमतेम ४ तास उरतात, १०० च्या वर अर्धा तासही नाही. तोही एका रात्रीचा नव्हे, सबंध आठवड्याचा. डीजेच्या भिंतीजवळ १०० ओलांडणं रोजचंच आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, हे वाचून वरातीतला कुणी हसेलसुद्धा.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे केस लवतात आणि मेंदूकडे संदेश जातो. जबर आवाजाने या पेशी मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. रातकिडा बहुधा तिथूनच सुरू होतो: कानाकडून यायचे संदेश कमी झाले की मेंदू आपला आवाज वाढवतो आणि त्याची खरखर आपल्याला ऐकू येते.

"तबकडीचा आवाज कानाला बरा असतो म्हणतात," पुतण्या म्हणाला. असं काही नाही. कान डेसिबल आणि वेळ मोजतो. गाणं तबकडीवरून येतं की मोबाइलवरून, हे त्याला कळत नाही. इथे कानाला बरं वाटत होतं ते आवाज बेताचा ठेवल्यामुळे.

आणि हायबॉलचं काय? २००७ साली लंडनच्या संशोधकांनी ३० जणांना दारू पाजून त्यांचं ऐकणं तपासलं. ते तात्पुरतं मंदावलं होतं, त्यातही खालच्या पट्टीचे आवाज जास्त. पिणाऱ्याला गाणं हळू वाटतं आणि तो वाढवायला सांगतो. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या दोन बारमध्ये उलटी बाजू दिसली. संगीत ७२ वरून ८८ डेसिबलवर नेलं, तर तरुण बिअर जास्त आणि भराभर प्यायले. दारूचं निर्धोक असं प्रमाणच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंच आहे.

मग भीमसेन जोशींची एक जुनी एलपी लागली. तंबोरे सुरू झाले आणि पुतण्या मान खाली घालून बसला. "काका, आता रातकिडा नाही." बारीक, अखंड आवाजाखाली तो झाकला जातो, उपचारातही हीच युक्ती वापरतात. वीसेक मिनिटांनी बाजू संपली. तबकडी उलटायला मुलगी उठली आणि खोली गप्प झाली. पुतण्याने उजव्या कानावर हात ठेवला. "परत आला."

दुसरा हायबॉल त्याने मागवला नाही. त्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओग्राम काढला. उजव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेली होती, आवाजाने बिघडलेल्या कानाची ही ओळखीची खूण. हा खड्डा भरत नाही. वाढू न देणं आपल्या हातात. कानातला आवाज दोन-तीन दिवसांत थांबला नाही तर तपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून तेल सोडत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी उपचार जितके लवकर, तितका ऐकू परत येण्याचा संभव जास्त.

धाकट्या पुतण्याचं लग्न वैशाखात आहे. डीजेची सुपारी देऊन झाली आहे. ती मोडून बँड सांगायचा का, यावर घरात अजून वाद चालू आहे. थोरल्याने कानात घालायचे फोमचे बोळे डझनभर आणून ठेवलेत, आणि त्यातला पहिला जोड आजीने मागून घेतला.