मत प्रतिस्पर्ध्याचं

इंग्लंडमधल्या प्रत्येक व्यावसायिक फुटबॉलपटूपुढे हंगामात एकदा एक प्रश्न येतो : यंदाचा सर्वोत्तम खेळाडू कोण? मँचेस्टर सिटीच्या कर्णधारालाही तोच प्रश्न आणि चौथ्या श्रेणीतल्या एखाद्या क्लबच्या राखीव बचावपटूलाही तोच. दोघांच्या मताचं वजन सारखं. अट महत्त्वाची एकच, आपल्या क्लबमधल्या कुणालाही मत द्यायचं नाही. या मतांमधून ठरतो तो ‘पीएफए प्लेअर्स प्लेअर ऑफ द इयर’, म्हणजे खेळाडूंनी निवडलेला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. इंग्लिश फुटबॉलमधल्या सगळ्या वैयक्तिक बक्षिसांत खेळाडूंना याचंच मोल अधिक वाटतं. ते का, हे मतदान कसं चालतं ते पाहिलं की कळतं.

पीएफए ही खेळाडूंची कामगार संघटना आहे. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स वगैरे खेळाडू जमले आणि ती उभी राहिली. तेव्हा आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार खेळाडूला देताच येत नसे. ही कमाल पगाराची मर्यादा वाढत वाढत वीस पौंडांवर आली आणि १९६१मध्ये कायमची उठली, तीही जिमी हिल या संघटनेच्या अध्यक्षाने संपाची तयारी केल्यावर. पुरस्कार आला त्यानंतर, १९७३-७४च्या हंगामात. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी हक्कांसाठी एकत्र आलेल्या लोकांनीच पुढे आपल्यातला उत्तम कोण हे ठरवायला घेतलं, आणि म्हणूनच ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व या पुरस्काराच्या मुळाशी आहे.

त्याआधी निवड पत्रकारांच्या हातात होती. फुटबॉल लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार १९४८पासून दिला जातो. पहिला मानकरी स्टॅनली मॅथ्यूज. १९७४मध्ये दोन्ही पुरस्कार प्रथमच शेजारी शेजारी आले आणि पहिल्याच वर्षी दोघांच्या नजरेतला फरक उघडा पडला. पत्रकारांनी निवडला लिव्हरपूलचा इयन कॅलहन. हा इतका सभ्य खेळाडू की अख्ख्या कारकिर्दीत पंचांच्या वहीत त्याचं नाव एकदाच गेलं. खेळाडूंनी निवडला लीड्स युनायटेडचा नॉर्मन हंटर. त्याचे टॅकल असे असत की ‘नॉर्मन तुमचे पाय चावतो’ अशा अर्थाचा फलक लीड्सच्या प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये झळकावला होता. ज्यांच्या पायांवर ते टॅकल बसत होते, त्यांनीच त्याला मत दिलं. लीड्स त्या वर्षी सुरुवातीचे २९ सामने न हरता विजेता झाला होता आणि त्या बचावापुढे उभं राहणं म्हणजे काय असतं, हे प्रतिस्पर्ध्यांइतकं कुणाला कळणार?

आता यंत्रणा. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या चार श्रेणी आहेत : वर प्रीमियर लीगचे २० क्लब, खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू यांचे प्रत्येकी २४. एकूण ९२. प्रत्येक क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये संघटनेचा एक प्रतिनिधी असतो, तोही खेळाडूच. मतपत्रिका वर्षानुवर्षं त्याच्यामार्फतच वाटल्या आणि गोळा केल्या गेल्या. मुख्य पुरस्कारासाठी सगळ्या श्रेणींतले सभासद मत देतात. वर्षाचा सर्वोत्तम संघ मात्र श्रेणीनिहाय ठरतो. लीग टूचे खेळाडू लीग टूचेच अकरा जण निवडतात, कारण तिथे ते स्वतः त्यांच्याविरुद्ध खेळलेले असतात.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खालच्या श्रेणीतल्या खेळाडूने प्रीमियर लीगमधल्या सालाहला किंवा हालांडला पाहिलं ते आपल्यासारखंच टीव्हीवर. मग त्याच्या मताला प्रतिस्पर्ध्याचं मत कसं म्हणायचं? आक्षेप खरा आहे, पण मला तो निर्णायक वाटत नाही. तो बचावपटू दर आठवड्याला तेच काम करतो. वेगाने अंगावर येणाऱ्याला आत सोडायचं की बाहेर, पाय कधी घालायचा, कधी मागे सरायचं, हे निर्णय त्याच्या रोजच्या सरावातले आहेत. पडद्यावरचा खेळ तो आपल्यापेक्षा वेगळ्या डोळ्यांनी पाहतो.

सहकाऱ्याला मत द्यायचं नाही या नियमाचा हेतू उघड आहे : ड्रेसिंग रूममधली दोस्ती मोजली जाऊ नये. पण त्याचा एक आडवा परिणाम मला दिसतो. एखाद्या क्लबात एकाच वर्षी चार-पाच जण बहरात असले तर बाहेरच्यांची मतं त्यांच्यात वाटली जातात. १९९८-९९मध्ये मँचेस्टर युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं जिंकली. खेळाडूंचा पुरस्कार गेला टॉटनहॅमच्या डेव्हिड जिनोलाला. टॉटनहॅम लीगमध्ये अकरावा होता. युनायटेडची मतं विभागली गेली असणार, हे एक कारण. दुसरं कारण वेळ.

या पुरस्काराच्या इतिहासातले बरेचसे विचित्र वाटणारे निकाल वेळेच्या हिशेबाने सुटतात. हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत चालतो. पूर्वी सोहळा वसंतात, हंगाम संपायच्या आधीच होई, आणि मतं त्याहून आधी मागवलेली असत. म्हणजे शेवटचे निर्णायक आठवडे हिशेबाबाहेर. जिनोलाने मार्चमध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात बार्न्सलीविरुद्ध डाव्या बाजूने आत वळत, एकामागून एक बचावपटू मागे टाकत जो गोल केला, तो सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ताजा होता. युनायटेडचं तिहेरी यश मे महिन्यातलं.

१९९६चा निकालही असाच. जानेवारीत न्यूकॅसल युनायटेड बारा गुणांनी पुढे होता आणि लेस फर्डिनंडने त्या हंगामात लीगमध्ये २५ गोल केले. खेळाडूंनी त्याला निवडलं. मग न्यूकॅसल घसरला आणि लीग मँचेस्टर युनायटेडने जिंकली, ती एरिक कँटोनाच्या गोलांवर. पत्रकारांचा पुरस्कार कँटोनाला गेला. २०११मध्ये टॉटनहॅमच्या गॅरेथ बेलने खेळाडूंची मतं जिंकली. लीगमधले त्याचे गोल सात, पण शरद ऋतूत मिलानच्या सॅन सिरोवर इंटरविरुद्ध त्याने केलेली हॅटट्रिक कुणी विसरलं नव्हतं. त्याच वर्षी पत्रकारांनी निवडलेला स्कॉट पार्कर ज्या वेस्ट हॅमसाठी खेळत होता, तो संघ तळाला राहून खालच्या श्रेणीत गेला.

अलीकडे ही अडचण कमी झाली आहे. २०२०चा हंगाम करोनामुळे लांबला आणि तेव्हापासून घोषणा हंगामानंतरच होत आल्या. २०२३, २०२४ आणि २०२५चे सोहळे ऑगस्टमध्ये मँचेस्टरला झाले. विजेतेपदाची शर्यत रंगात असतानाच निकाल हाती येणं बंद झालं. २०२५मध्ये मोहम्मद सालाहने २९ गोल आणि १८ असिस्टच्या बळावर हा पुरस्कार तिसऱ्यांदा घेतला. तीनदा जिंकणारा तो पहिलाच.

मतपत्रिकेवर ‘या हंगामातला’ असं म्हटलेलं असलं तरी माणसं कधी कधी संपूर्ण कारकिर्दीला मत देतात. मँचेस्टर युनायटेडचा रायन गिग्ज १९९२ आणि १९९३मध्ये पीएफएचा सर्वोत्तम तरुण खेळाडू होता. मोठा पुरस्कार त्याला मिळाला २००९मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आणि तोवर त्या हंगामात लीगचे जेमतेम बारा सामने तो सुरुवातीपासून खेळला होता. टीका भरपूर झाली. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. सतरा-अठरा वर्षं ज्याच्यामागे धावून दमछाक झाली, त्याचा मान राखायची खेळाडूंकडे हीच एक जागा होती.

महिला खेळाडूंसाठी याच पद्धतीचा पुरस्कार २०१३मध्ये सुरू झाला आणि पहिला मान आर्सेनलच्या किम लिटलला मिळाला. भारतातही २००६मध्ये भायचुंग भूतियाच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना झाली आणि तिनेही खेळाडूंच्या मतांवर पुरस्कार द्यायला सुरुवात केली. गोव्यापासून मणिपूरपर्यंतच्या क्लबांमध्ये विखुरलेल्या आपल्या खेळाडूंना पगार थकल्यावर दाद मागायला ठिकाण मिळणं ही त्या संघटनेची मोठी गरज आहेच, पण एकमेकांचं कौतुक करायचं अधिकृत व्यासपीठही तितकंच हवं.

एका बाबतीत मात्र इंग्लंडच्या या मतदारांशी माझं पटत नाही. गोलरक्षकांना त्यांनी दोनदाच निवडलं : १९७६मध्ये टॉटनहॅमचा पॅट जेनिंग्ज आणि १९७८मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा पीटर शिल्टन. त्यानंतर २०२५पर्यंत एकही नाही. पीटर श्मायकेल नाही, पेत्र चेक नाही. आघाडीच्या खेळाडूंचे हमखास गोल ज्यांनी अडवले, त्यांना त्याच खेळाडूंनी विसरावं याचं वाईट वाटतं. १९८५मध्ये एव्हर्टन लीगविजेता झाला. पत्रकारांनी त्याचा गोलरक्षक नेव्हिल साउथॉलला निवडलं आणि खेळाडूंनी त्याच संघाचा मधल्या फळीतला पीटर रीड. साउथॉलचं काम ज्यांनी रोज सरावात जवळून पाहिलं होतं, त्या एव्हर्टनच्या खेळाडूंना नियमानुसार दोघांपैकी कुणालाच मत देता येत नव्हतं.