पावणेदहा ते सव्वासहा

सकाळी 6:00
कारधा. रात्रभर पाऊस पडून आता उघडलंय. ताईंनी गॅसवर भात ठेवलाय आणि मोबाइलवर वैनगंगेची पातळी बघताहेत. इथे इशारा 245 मीटरला आणि धोका 245.50 ला. आज पाणी बरंच खाली आहे. म्हणजे पूल सुरू. ताई नदीपलीकडे, भंडाऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर आहेत. पगार एजन्सी देते. कापून हातात 12 हजार पडतात, तेही तारीख ठरलेली नाही.

सकाळी 8:55
शेअर ऑटो, 20 रुपये. मागे चौघी, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला एक. डब्यात भात, वरण आणि कोचईच्या पानांची वडी.

सकाळी 9:40
29 फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. शिपाई काका साडेनऊलाच कुलूप काढतात. ताई आधी मोठ्या बाबूंच्या टेबलाकडे जातात. खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी, चुन्याची बोटं, फायलीवर कपाचा गोल डाग. फडकं ताईंच्याच खणात असतं. कालच्या फायली त्या वेगळ्या ट्रेमध्ये काढतात. ऑपरेटरच्या कामाच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नाही.

सकाळी 10:25
मोठे बाबू आले. नोकरीची तीस वर्षं उलटली. कुठली फाइल कुठल्या गठ्ठ्यात आहे ते तोंडपाठ.
"ए, चहा सांग."
कप 10 रुपयांचा. सांगणारे बाबू, देणाऱ्या ताई, असं बरेच महिने चाललं. मग ताईंनी चहावाल्याला प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पान करायला लावलं. महिन्याच्या शेवटी ज्याचं पान, त्याचे पैसे. भांडण करावं लागलं नाही.

सकाळी 11:15
एक म्हातारे शेतकरी फार्मर आयडीसाठी आलेत. आधारचा ओटीपी सहा आकडी. त्यांना कमी ऐकू येतं. तिकडे बाबूंचा मोबाइल स्पीकरवर. पलीकडून कोणीतरी प्लॉटचा भाव सांगतंय. आकड्यांत आकडे मिसळतात. ओटीपी चुकतो. पुन्हा मागवायचा, पुन्हा थांबायचं. ताई उठतात, म्हाताऱ्यांना व्हरांड्यात नेतात, ओटीपी कागदावर लिहून घेतात आणि परत येऊन टाकतात. नोंद झाली. म्हातारबा हात जोडतात. रांग मात्र दारापर्यंत गेली.

दुपारी 12:30
एक बाई वारस नोंदीसाठी. कपाळ मोकळं, हातात कॅरीबॅग. बाबू खुर्चीतूनच ओरडतात, "नवरा कधी मेला? दुसरी बायको होती काय?" रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळतात. बाई पदर तोंडाशी नेते.

ताई स्टूल ओढून आपल्याजवळ ठेवतात. "बसा जी." हळू आवाजात एकेक विचारतात. मृत्यू दाखला, सातबारा, वारसांची नावं. अर्ज भरून झाला की कागद बाबूंपुढे. "सर, तपासून द्या न."

बाबू वाचतात आणि एका ओळीवर बोट ठेवतात. लग्न झालेल्या मुलीचं नाव राहिलंय. लग्न झालं म्हणून मुलीचा हक्क जात नाही. चूक त्यांनी नेमकी पकडली. ताई नाव घालतात. या माणसाशी तोडून चालायचं नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक आहे. त्या त्याच्याकडून शिकतातही.

दुपारी 1:30
जेवणाला अर्धा तास. हॉल रिकामा. ताई वडीचा एक तुकडा बाबूंच्या डब्यात ठेवतात.
"सर, एक बोलू?"
"बोल न."
"लोकांसमोर मला ‘ए’ नका म्हणू. नावानं हाक मारा."
"अवं, तू माझ्या पोरीसारखी."
"म्हणूनच तुम्हाला सांगून राहिली. साहेबांना नाही सांगितलं."
बाबू वडी खातात. उत्तर देत नाहीत. ताईही पुढे काही बोलत नाहीत. त्या बाईचा विषय आज काढायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट.

दुपारी 3:00
नोटीस बोर्डावर एक कागद आहे. सामान्य प्रशासन विभाग, जुलै 2021. कार्यालयीन कामाला शक्यतो लँडलाइन वापरा, मोबाइलवर हळू बोला, खासगी फोन बाहेर जाऊन घ्या. ताईंनी तो छापून साहेबांना दिला. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसाठी म्हणून वाचला. नाव कोणाचंच घेतलं नाही. आत्ता बाबूंचा फोन वाजतो. काका बोर्डाजवळच उभे आहेत. बाबू उठून व्हरांड्यात जातात. पुढचा फोन मात्र टेबलावरच घेतात, पण स्पीकर बंद.

दुपारी 4:40
"माझ्या लॉगिनमधून तूच टाकून दे." पासवर्डची चिठ्ठी ताईंच्या की-बोर्डवर येते. नोंद चुकली तर नाव बाबूंचं लागेल आणि जाईल ताईंचं कंत्राट. ताई चिठ्ठी परत देतात. "सर, तुम्ही बसा, मी बाजूला उभी राहून सांगते." बाबू एका बोटाने टाइप करतात. ताईंनी पाच मिनिटांत केलं असतं, त्याला वीस मिनिटं लागली. ताई तेवढा वेळ उभ्या. पाठ दुखते. पण उद्या बाबू निम्मं स्वतः करतील.

संध्याकाळी 6:15
संगणक बंद. बाबू पिशवी उचलतात. दारातून ताईंना नावाने हाक मारतात आणि सांगतात, "त्या बाईचं उद्या पहिलं काढू." रांगेतलं आता कोणी नाही, पण काका आहेत. काकांनी ऐकलं.

ऑटोचे पुन्हा 20 रुपये. पगार अजून जमा झालेला नाही. पुलावर ताई उद्याचं ठरवून टाकतात. ‘ए’ गेला की नाही ते आठवडाभर बघायचं. गेला, तर पुढची गोष्ट काढायची: लोकांच्या घरचं विचारायचं असेल, तर त्यांना जवळ बसवून विचारायचं.