एसटीला चालतो तो रिमोल्ड मोटारसायकलला का नाही?

मृगाच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यातल्या टायरच्या दुकानांत एक सौदा हमखास चालतो. बियाणं, खत आणि पोरांची फी एकाच महिन्यात अंगावर आलेली असते, आणि नेमका तेव्हाच एमएच-29 च्या मोटारसायकलचा मागचा टायर गोटा झालेला असतो. नवा टायर दोन हजारांच्या घरात, रिमोल्ड जवळपास निम्म्यात. गिऱ्हाईक घुटमळलं की दुकानदाराचं ठेवणीतलं वाक्य येतं: "एसटी रिमोल्डवर चालते ना काका, तुमची तर फटफटी आहे."

हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतं. एसटी महामंडळ घासलेले टायर फेकून देत नाही. त्यांच्यावर पुन्हा रबर चढवण्याचे महामंडळाचे स्वतःचे कारखाने आहेत. विमानांच्या टायरांवरही असंच पुन्हा पुन्हा रबर चढवतात. त्यामुळे 'रिमोल्ड म्हणजे निव्वळ फसवणूक' असं सरसकट म्हणणारेही चुकतात. प्रश्न रबर चढवण्याचा नाहीच, ते कशावर चढवलं याचा आहे.

काम कसं होतं ते बघा. जुना टायर तपासायचा, उरलेली नक्षी खरवडून पाठ एकसारखी करायची, कच्च्या चिकट रबराचा पातळ थर द्यायचा, त्यावर नक्षीची तयार पट्टी गुंडाळायची आणि बंद भांड्यात दाबाखाली काही तास शिजवायचं. याला 'कोल्ड' म्हणतात, तरी आतलं तापमान शंभर अंशांच्या पुढे असतं! 'हॉट' पद्धतीत कच्चं रबर लावून टायर साच्यात घालतात, आणि तिथे पारा दीडशेच्या आसपास जातो. दोन्हींत नवी असते ती फक्त वरची पाठ. वजन पेलणारा आतला सांगाडा, म्हणजे दोऱ्यांचे किंवा तारांचे थर, जुनाच राहतो.

ट्रक-बसच्या टायरचा सांगाडा मुळातच जाड आणि दणकट असतो. एकदा पाठ घासली तरी त्याच्यात जीव उरावा, अशाच बेतानं तो बनवतात. मोटारसायकलच्या 2.75-18 टायरमध्ये नायलॉनचे मोजके पातळ थर असतात. त्यात आपल्याकडचा वापर पाहा: ट्रिपल सीट, मागे खताचं पोतं किंवा कापसाचं गाठोडं, हवा अंदाजपंचे. टायरवर आकाराशेजारी 42P, 48P असं छापलेलं असतं. त्यातला 42 म्हणजे 150 किलो आणि 48 म्हणजे 180 किलो, एका टायरवरचा कमाल भार. दोन-तीन वर्षं या मर्यादेच्या पलीकडे ओढलेला सांगाडा बाहेरून धड दिसतो, आत त्याचे थर सुटायला लागलेले असतात. असे टायर गोळा करून रबर चढवणाऱ्यांकडे आतला बिघाड शोधायची यंत्रं क्वचितच असतात. डोळ्यांनी पाहिलं, बोटानं दाबलं, झाली तपासणी.

दुसरी अडचण आकाराची. बसचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. मोटारसायकलचा टायर पाठीला गोल असतो, कारण गाडी वळणावर कलते आणि तेव्हा सगळा भार टायरच्या खांद्यावर येतो. जुन्या-नव्या रबराचा सांधा नेमका त्या खांद्याजवळ असतो. पुसदकडच्या डोंगराळ वळणांवर भरल्या गाडीनं कल घेतला, की सर्वाधिक ताण त्या सांध्यालाच बसतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बसला मागे चार टायर असतात, दोन-दोनच्या जोडीनं. रिमोल्ड टायर वापरायची जागा तीच. जोडीतला एक गेला तर दुसरा गाडी सावरतो. पुढच्या चाकाला असा जोडीदार नसतो, म्हणून अमेरिकेत तर बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावायला नियमानंच बंदी आहे. मोटारसायकलच्या दोन्ही चाकांची गत बसच्या पुढच्या चाकासारखीच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत रिमोल्डसाठी दोन नियम आहेत. 108 क्रमांकाचा मोटारींसाठी आणि 109 क्रमांकाचा ट्रक-बससाठी. मोटारसायकल दोन्हींत नाही.

पांढरकवड्याहून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर उन्हाळ्यात रबराच्या लांबलचक सालपटांचा खच दिसतो आणि लोक म्हणतात, बघा, रिमोल्ड उडाला. दर वेळी तसं नसतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं 2008 साली सरकारसाठी रस्त्याकडेचे असे तुकडे तपासले. नव्या टायरांचे आणि रिमोल्डचे तुकडे साधारण त्यांच्या वापराच्याच प्रमाणात सापडले. कमी हवा, जादा भार आणि रस्त्यावरची इजा यांनी नवा टायरही फाटतो. आपल्याकडे पारा 45 च्या वर गेला की डांबर त्याहून कितीतरी तापतं. कमी हवेचा टायर दर फेऱ्यात जास्त दबतो आणि आतूनही तापतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे गोट्या टायरवर गरम पात्यानं नक्षी 'कापून' घेणं. काही ट्रक टायरांत त्यासाठी मुद्दाम जादा रबर ठेवलेलं असतं आणि तसं टायरवर लिहिलेलंही असतं. दुचाकीच्या टायरला खोल काप म्हणजे थेट दोऱ्यांवर पातं. कायद्याला दुचाकीसाठी किमान 0.8 मिलिमीटर नक्षी लागते. ती कंपनीनं दिलेली हवी, पंक्चरवाल्यानं कोरलेली नव्हे.

दुकानात स्वस्ताईखेरीज दुसरी भुरळ पडते ती रंगाची, पण रंगीत टायरांचं प्रकरण वेगळं आहे. 'काळा रंग फक्त मळ दिसू नये म्हणून' असं पुष्कळांना वाटतं. रबराचा चीक पांढरा असतो आणि सुरुवातीचे टायरही फिकटच होते. मिशेलिनचा 1898 मधला टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे तो त्यामुळेच. पुढे रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळायला लागले आणि टायर कितीतरी जास्त टिकू लागले. काजळीनं रबर झिजायचं कमी होतं आणि उन्हातली अतिनील किरणं ती स्वतः झेलते.

मग रंगीत टायर अशक्य आहे का? नाही. काजळीच्या जागी सिलिका वापरून चांगली पकड मिळते. मिशेलिननं 1992 मध्ये सिलिकाचे मोटारीचे टायर आणले, पण तेही काळेच ठेवले. गुडइअरनं 1961 मध्ये आतून दिवे लावलेले पारदर्शक रंगीत टायर करून पाहिले होते. ते ओल्या रस्त्यावर घसरत आणि जोराचा ब्रेक मारला की मऊ पडत, म्हणून बाजारात आलेच नाहीत. आणखी एक अडचण सहसा कुणी सांगत नाही. हवेतल्या ओझोननं रबर तडकू नये म्हणून जी रसायनं घालतात, त्यांतली सर्वांत प्रभावी रसायनं तपकिरी डाग सोडतात. काळ्या टायरवर ते दिसत नाहीत. रंगीत रबरात मात्र ती घालता येत नाहीत, कमी ताकदीच्या पर्यायावर भागवावं लागतं. दिवसभर बांधावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा तोट्याचा सौदा. लाल-निळ्या पट्ट्यांचा टायर पोराच्या सायकलला खुशाल लावा. मोटारसायकलसाठी रंगाआधी आयएसआयची खूण शोधा. 2009 च्या केंद्राच्या आदेशानुसार वाहनांच्या नव्या टायरांना ती सक्तीची आहे, आणि दुचाकीचं मानक आहे आयएस 15627. बाजूच्या भिंतीवरची अक्षरं पांढऱ्या पेननं रंगवली तर बिघडत नाही. वॉशिंग सेंटरवर पोरगं फडक्यानं चकचकीत पॉलिश फिरवतं, ते मात्र रस्त्याला टेकणाऱ्या भागावर येऊ देऊ नका. पहिल्याच वळणावर घसरगुंडी होते.

आता पैशाचं. दोन हजारांचा नवा टायर वीस हजार किलोमीटर गेला असं धरा, किलोमीटरला दहा पैसे पडले. पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि गाडी पन्नासचं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं, तर किलोमीटरला दोन रुपये जळतात. हजाराचा रिमोल्ड दहा हजार किलोमीटरवर संपला तर वाचलं काय? शून्य. वर बसवणावळ दुप्पट. खरी बचत हवी असेल तर ती पेट्रोलमध्ये शोधा, म्हणजे आठवड्याला हवा तपासा. डबल सीटसाठी मागच्या टायरची हवा जास्त लागते, तो आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो.

जुनी गाडी घेताना रिमोल्ड ओळखायचा असेल तर टायरच्या खांद्यावरून बोट फिरवा. गोलाकार सांधा किंवा रबराचा वेगळा पोत हाताला लागतो. भिंत जुनाट, बारीक तडे गेलेली आणि पाठ मात्र कोरी करकरीत, ही दुसरी खूण. तारखेचे चार आकडे पाहा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. आकडे खरवडलेले असतील तर किंमत पाडून मागा आणि नव्या टायरचे पैसे बाजूला ठेवा. रिमोल्ड पुढच्या चाकाला बसलेला निघाला तर तो आधी उतरवा, मग मागचा. उतरवलेला टायर शेतातल्या फवारणीच्या ढकलगाडीला अजून बरीच वर्षं पुरेल.