दुष्काळ कोण जाहीर करतो?

बिदर-कलबुर्गीकडच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पण कायद्याने तो कधी सुरू होतो? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. नोंदीच्या तारखेला आमच्याकडे फार महत्त्व. म्हणून हा प्रपंच.

राज्यघटनेतील आणीबाणी राष्ट्रपती जाहीर करतात. दुष्काळ मात्र राज्य सरकार. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत त्याची कसोटी आहे. प्रथम पावसाची तूट आणि सलग तीन-चार आठवड्यांचा खंड पाहतात; मग पेरणी, पिकांची स्थिती, जमिनीतील ओल व जलसाठे; शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते.

आता 2023 साल पाहा. संहिता एकच, पावसाळाही एकच. कर्नाटकाने 13 सप्टेंबरला 195 तालुके दुष्काळी ठरवले. पुढे ते 223 झाले. महाराष्ट्राने 31 ऑक्टोबरला 40 तालुके जाहीर केले. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातला त्यांत फक्त रेणापूर. मागाहून अनेक महसुली मंडळांना ‘दुष्काळसदृश’ हा शब्द मिळाला.

शब्दांना किंमत असते. त्यांच्यामागून पीककर्जाचे पुनर्गठन येते, महाराष्ट्रात विद्यार्थ्यांची परीक्षा फीदेखील माफ होते. जाहीर झाले म्हणजे पैसा आला, असेही नव्हे. केंद्राच्या मदतीसाठी कर्नाटकाला मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

तोवर व्याज थांबत नाही. म्हणून पाहणी कधी, पर्जन्यमापकाची नोंद किती, हे गावाला ठाऊक हवे. आमच्याकडे परिपत्रक कानडीत येते आणि घरी बोलणे मराठीत चालते. ते वाचून वडीलधाऱ्यांना समजावणे, हे आपणा दुभाषी विद्यार्थ्यांचेच काम नव्हे काय?