सगळे काटे शांत, म्हणून गाडी ठीक?

कवठे येमाईच्या वाड्यावस्त्यांवर जुन्या गाडीला सहसा मरण नाही. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. तरी या गाड्या आणि त्यांच्या जोडीला जुन्या सुमो, जीप अजून मलठणमार्गे शिरूरच्या दवाखान्यात जातात, येमाई देवीच्या यात्रेला पाहुणे आणतात. इंजिनाचं ऑईल वेळेवर बदललं जातं, टायरकडे लक्ष असतं. डॅशबोर्ड मात्र कुणी मनावर घेत नाही. ‘मीटर कधीचं बंद आहे, बाकी गाडी एक नंबर’ असं सांगून गाडी विकली जाते आणि घेणाराही मान डोलावतो. जुन्या गाडीच्या काट्यांबद्दलचे बरेच गैरसमज याच बेफिकिरीतून आलेले आहेत.

गैरसमज : काटा हलत नाही, म्हणजे मीटर गेलं.

वस्तुस्थिती : मीटर हे साखळीचं शेवटचं टोक आहे. टाकीतला फ्लोट पेट्रोलबरोबर वरखाली होतो. त्याच्या दांडीला जोडलेला पातळ पत्रा बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत सरकतो, त्यामुळे विद्युतरोध कमीजास्त होतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. काचेमागचं मीटर तुलनेने सुरक्षित असतं. झिजतो तो टाकीतला पत्रा, गंजतो तो टाकीजवळचा अर्थ (बॉडीशी असलेली वायरची जोडणी) आणि चिखल खाते ती गाडीखालून गेलेली वायर. गाडी गोठ्याशेजारी किंवा उसाच्या कडेला उभी राहत असेल तर उंदरांनाही हिशेबात धरा.

तपासणी सोपी आहे. चावी ‘ऑन’ करून फ्लोटकडे जाणारा कपलर सोडवा. काटा एका टोकाला जाऊन बसला पाहिजे. आता मीटरकडून येणारी वायर डॅशबोर्डमधल्यासारख्या छोट्या, साधारण ३.४ वॅटच्या बल्बमधून बॉडीला अर्थ करा. काटा दुसऱ्या टोकाकडे सरकू लागला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, दोष फ्लोटचा किंवा त्याच्या अर्थचा. काटा ढिम्म राहिला तरच वायर धरून पुढे जायचं. बल्ब न लावता वायर थेट बॉडीला टेकवून धरणं महागात पडतं, कारण जुन्या मीटरमध्ये काटा ओढणारी पट्टी विजेच्या उष्णतेवर वाकते आणि जास्त करंटने आतली वेटोळी जळू शकते. अर्थ केल्यावर काटा भरलेल्या टाकीकडे जाईल की रिकाम्या, हे गाडीगणिक बदलतं. सुझुकीसारख्या जपानी पद्धतीत भरलेल्या टाकीला सुमारे ३ ओहम आणि रिकाम्या टाकीला सुमारे ११० ओहम रोध असतो. काही कंपन्यांचं गणित नेमकं उलटं. हे सगळं टाकीपासून लांबच्या कपलरवर करा. उघड्या टाकीपाशी एक ठिणगीही पुरते.

गैरसमज : काटा अर्ध्यावरून भराभर उतरतो, म्हणजे कुणीतरी पेट्रोल काढतंय.

वस्तुस्थिती : संशय पोराटोरांवर किंवा पंपवाल्यावर जातो, पण टाकी काही चौकोनी डबा नसते. तिचा आकार वरखाली बदलतो, फ्लोटची दांडी कमानीत फिरते, त्यामुळे काट्याची दोन अर्धी सारखी नसतात. चढउतारावरही काटा फसवतो. यावर उपाय म्हणजे स्वतःचं माप तयार करणं. काटा तळाला आला की पाच-पाच लिटर मोजून भरायचं आणि प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते लिहून ठेवायचं. शिरूर-आंबेगावच्या बिबटप्रवण ऊसपट्ट्यात रात्री गाडी बंद पडणं परवडणारं नाही, तेव्हा हा कागद गाडीतच असू द्या.

गैरसमज : टेंपरेचरचा काटा खाली, म्हणजे इंजिन थंड.

वस्तुस्थिती : सगळ्यात घातक गैरसमज हाच. पेट्रोलचा काटा बिघडला की बहुतेक गाड्यांत टाकी रिकामी दाखवतो, मालक घाबरतो आणि गाडी वायरमनकडे नेतो. टेंपरेचरची वायर तुटली तर काटा ‘सी’वर झोपतो आणि मालकही निर्धास्त झोपतो.

वायर शाबूत असूनही काटा खाली राहण्याची दोन कारणं आहेत. पहिलं, उन्हाळ्यात ‘गाडी तापू नये’ म्हणून काढून टाकलेला थर्मोस्टॅट. हा झडपेसारखा भाग साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि तोवर इंजिन लवकर गरम होऊ देतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि झीजही वाढते. दुसरं कारण, पाणीच संपलेलं असणं. सेन्सर त्याला टेकलेल्या पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उतरून तो हवेत राहिला तर हेड भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. वर चढलेला काटा अचानक पडला तर हायसं वाटून घेऊ नका, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

‘पंखा फिरतोय, म्हणजे सेन्सर चांगला’ हेही खरं नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत पंख्याचा स्विच वेगळा आणि काट्याचा सेन्सर वेगळा असतो. सेन्सर काढून गरम पाण्यात धरा आणि मल्टिमीटर लावा. पाणी तापेल तसा रोध कमी होत गेला पाहिजे.

गैरसमज : ऑईलचा दिवा लागत नाही, म्हणजे ऑईल भरपूर आहे.

वस्तुस्थिती : हा दिवा ऑईलची पातळी नव्हे, दाब सांगतो. पातळी डिपस्टिकवरच बघायची. चावी ‘ऑन’ केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब उडालाय, वायर तुटलीय किंवा कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय. जुनी गाडी घेताना हे आधी बघा. चालत्या गाडीत दिवा लागला तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणू नका, तेवढ्या अंतरात बेअरिंग जाऊ शकतं.

चार्जिंगच्या दिव्याचंही तेच. शिवाय अनेक ऑल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला लागणारा पहिला करंट याच बल्बमधून मिळतो, म्हणजे बल्ब उडाला की चार्जिंगही अडू शकतं. जुन्या जीपमध्ये ॲमीटर असतो. बॅटरी भरलेली असताना त्याचा काटा शून्याजवळ येणं हा बिघाड नाही.

गैरसमज : पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदम बिघडले, दोन्ही सेन्सर बदला.

वस्तुस्थिती : दोन सेन्सर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. दोन्ही काटे मेले तर आधी फ्यूज बघा. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरना ठरावीक व्होल्टेज देणारा एकच छोटा रेग्युलेटर असतो. तो अडकला तर दोन्ही काटे जास्त दाखवतात. हेडलाइट लावताच काटे हलत असतील तर डॅशबोर्डच्या मागचा अर्थ सैल किंवा गंजलेला आहे. पॉलिश पेपरने घासून स्क्रू आवळला की बऱ्याचदा काम भागतं.

गैरसमज : मोबाईल ५५ दाखवतो आणि काटा ६०, म्हणजे स्पीडोमीटर बिघडला.

वस्तुस्थिती : आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नसतो, जास्त दाखवण्याची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले, तर काटा कमी वेग दाखवू लागतो आणि ते जास्त धोक्याचं. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलीय किंवा मुरगळलीय. ग्रीस लावा, पण बेताने. वरच्या टोकाला लावलं तर ते मीटरमध्ये शिरतं. स्पीडोमीटर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे, त्यामुळे पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला जाण्याआधी तो दुरुस्त असलेला बरा.

थोडक्यात, चावी ‘ऑन’ केल्यावर जो दिवा लागत नाही त्याच्यावर गाडी चालवताना विसंबू नका. दुरुस्तीचा क्रमही ठरवून घ्या : फ्यूज, अर्थ, कपलर, वायर, सेन्सर. एवढं बघून झाल्यावरच मीटर उघडायचं.