चरखा संघ, अखिल भारत

हातकताई व हातविणाई यांच्या द्वारे खादीचे उत्पादन आणि विक्री करून ग्रामीण कारागिरांना काम व न्याय्य मजुरी मिळवून देण्यासाठी १९२५ मध्ये स्थापन झालेली भारतातील एक संस्था. तिचे व्यवहार व्यापारी पद्धतीने चालत. तथापि नफा हे तिचे उद्दिष्ट नव्हते. नीतिनिष्ठ वस्त्रव्यवसायाचा भारतातील हा एक मोठा व आरंभीचा प्रयोग होय. कापडाच्या किमतीतून ते कातणाऱ्याचा निर्वाह चालला पाहिजे, हे तत्त्व संघाने १९३५ मध्ये स्वीकारले. ते अमलात आणताना आलेल्या अडचणी आजच्या वस्त्रव्यवसायाच्या दृष्टीनेही उद्बोधक आहेत.

स्थापना व कार्यपद्धती : असहकारितेच्या चळवळीत खादीच्या प्रसाराला वेग आला. काकीनाडा येथील काँग्रेसच्या अधिवेशनात (१९२३) अखिल भारतीय खादी मंडळ नेमण्यात आले. राजकीय चढउतारांपासून हे काम अलग राहावे, म्हणून सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे स्वतंत्र चरखा संघाची स्थापना झाली. म. गांधी हे त्याचे अध्यक्ष, जमनालाल बजाज कोषाध्यक्ष व शंकरलाल बँकर चिटणीस होते. संघाचे मुख्य कार्यालय प्रारंभी अहमदाबाद येथे व पुढे सेवाग्राम येथे होते. वर्गणी पैशांऐवजी सुताच्या रूपाने घेतली जाई. ‘अ’ वर्गाच्या सभासदाने दरमहा स्वतः कातलेले १,००० वार सूत द्यावे, असा नियम होता.

संघाच्या प्रांतिक शाखा हंगामात कापूस खरेदी करीत. उत्पादन केंद्रांतून पेळू किंवा कापूस कातणाऱ्यांना दिला जाई आणि तयार सुताचा अंक, समानता व मजबुती पाहून मजुरी चुकती केली जाई. ते सूत पुढे विणकर, धोबी, रंगारी व छपाई करणारे यांच्याकडे जाई आणि तयार कापड खादी भांडारांतून विकले जाई. कातणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. शेतीची कामे नसलेल्या महिन्यांत घरबसल्या मिळणारे हे काम, हे त्यांच्या दृष्टीने खादीचे मुख्य आकर्षण होते.

निर्वाह-वेतनाचा प्रश्न : पहिल्या दशकात खादी स्वस्त करण्यावर संघाचा भर होता. गिरणीच्या कापडाशी स्पर्धा असल्याने हे स्वाभाविक होते. परंतु या स्वस्ताईचा भार अखेरीस कातणारणीवर पडत होता. विणकराची मजुरी बाजारातील दराने ठरे, कापसाचा भाव तर संघाच्या हाती नव्हताच. कमी करता येण्याजोगी बाब एकच उरे, ती म्हणजे कताईची मजुरी. आठ तासांच्या कताईला सामान्यतः एक ते दोन आणेच मिळत. दरिद्री स्त्रीच्या साह्यासाठी निघालेला व्यवसाय तिच्याच श्रमाला सर्वांत कमी मोल देत होता, ही विसंगती गांधीजींनी १९३५ मध्ये उघडपणे मांडली. आठ तासांच्या कुशल कामास, स्त्री-पुरुष भेद न करता, आठ आणे मिळावेत, असे त्यांनी सुचविले.

यावर कार्यकर्त्यांत मतभेद झाले. दर वाढविल्यास खादी महाग होईल, खप घटेल व मिळते तेवढे कामही स्त्रियांच्या हातून जाईल, असा आक्षेप होता. गांधीजींचे म्हणणे असे, की उपाशी माणसाच्या श्रमावर स्वस्त झालेली वस्तू विकण्याचा संघाला अधिकार नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्धा येथे संघाच्या कार्यकारी मंडळाने तत्त्व मान्य केले : कामगारास शास्त्रीय मोजमापाने ठरविलेला किमान आहार व वर्षाकाठी २० वार कापड मिळू शकेल, एवढी मजुरी दिली जावी. मजुरीचा दर प्रचलित भावावरून न ठरविता माणसाच्या गरजेवरून ठरविण्याचा हा निर्णय त्या काळी अपूर्व होता. याच सुमारास विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळील नालवाडी येथे पूर्ण दिवस सूत कातून, त्या मजुरीतच निर्वाह करण्याचा प्रयोग केला. कातणाऱ्याचे खरे कष्ट व खरी मिळकत यांचा अनुभवसिद्ध अंदाज त्यामुळे मिळू शकला.

परिणाम : मजुरी वाढली, तरी आठ आण्यांचे लक्ष्य प्रत्यक्षात दूरच राहिले. अधिक मजुरी परवडावी म्हणून पिंजण सुधारणे, चांगली चाती देणे, कताईचे शिक्षण देणे यांकडे संघाने लक्ष पुरविले. कातणाऱ्यांनी खादी वापरावी म्हणून मजुरीचा काही भाग खादीच्या रूपाने देण्यात येऊ लागला. खाजगी खादी-विक्रेत्यांना संघाचे प्रमाणपत्र घ्यावे लागे आणि ठरलेल्या दराने मजुरी देणे ही त्याची एक अट होती. म्हणजेच ‘शुद्ध खादी’ या संज्ञेत सूत हाती कातलेले असण्याबरोबर कातणाऱ्यास योग्य मोल मिळाले असणे हाही अर्थ आला. न्याय्य व्यापाराची यूरोपातील पहिली प्रमाणचिन्हे (उदा., नेदर्लंड्समध्ये १९८८ मध्ये कॉफीसाठी सुरू झालेले चिन्ह) याच्या अर्धशतकानंतरची आहेत.

कामाचा विस्तार आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी १९४० च्या आकड्यांवरून स्पष्ट होतात. त्या वर्षी १३,४५१ गावांतील २,७५,१४६ कारागिरांना एकूण ३४,८५,६०९ रु. मजुरी मिळाली. त्यांत ५७,३७८ मुसलमान व १९,६५४ हरिजन होते. मात्र दरडोई सरासरी काढल्यास ती वर्षास तेरा रुपयांहूनही कमी भरते. आठ आणे रोज या हिशेबाने ही जेमतेम पंचवीस दिवसांची मजुरी होय. बहुतेकांचे काम फुरसतीच्या वेळेचे होते, हे लक्षात घेतले तरी खादी हे पूर्ण उपजीविकेचे साधन झाले नव्हते, हे मान्य करावे लागते.

नवसंस्करण व विलीनीकरण : शहरी ग्राहकाच्या सदिच्छेवर उभा असलेला व्यवसाय स्थिर राहू शकत नाही, असे गांधीजींचे मत होत गेले. म्हणून १९४४ मध्ये त्यांनी संघापुढे नवसंस्करणाची योजना मांडली. विक्रीपेक्षा वस्त्रस्वावलंबनावर भर देणे, हा तिचा गाभा होता. पुढील वर्षी खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने देण्याची अट ग्राहकांवर घालण्यात आली. ती लोकप्रिय झाली नाही. स्वातंत्र्यानंतर संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. खादीची व्यावसायिक बाजू प्रथम अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे (१९५३) व नंतर मुंबई येथे मुख्य कार्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे (१९५७) गेली. एका समितीने (१९५६) अंबर चरख्याची पाहणी केली. या चरख्यामुळे कताईचा वेग वाढला. किंमत व मजुरी यांतील अंतर मात्र पुढे शासकीय सूट व अनुदाने यांनी भरून काढावे लागले. आयोगाने कताईचा दर २०२३ मध्ये गुंडीमागे साडेसात रुपयांवरून दहा रुपये केला व एप्रिल २०२५ पासून तो पंधरा रुपये करण्यात आला.

मूल्यमापन : ढाक्याजवळील साव्हार येथे राना प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून तयार कपड्यांच्या कारखान्यांतील अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर नीतिनिष्ठ वस्त्रव्यवसायाची चर्चा जगभर वाढली. इमारतींच्या सुरक्षिततेबाबत बंधनकारक करार झाले. निर्वाह-वेतनाचा प्रश्न मात्र मागेच राहिला. चरखा संघाच्या अनुभवातून त्याचे एक कारण उमगते. सुरक्षिततेचा खर्च बव्हंशी एकदाच करावा लागतो, तर मजुरीचा भार प्रत्येक वस्त्राच्या किमतीवर कायमचा पडतो. हा भार ग्राहकाने, शासनाने की सुधारलेल्या साधनांनी उचलावा, हा प्रश्न संघाला सोडविता आला नाही. तथापि तो भार कातणाऱ्या स्त्रीवर टाकता कामा नये, एवढे त्याने निश्चित केले आणि आपल्या हिशेबात तसे नोंदविले. संघाचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.

[→ खादी उद्योग, ग्रामोद्योग, हातमाग उद्योग].