गंगाराम तांबट : पेशवाईंतील एक विस्मृत चित्रकार



प्राचीन ग्रीसमधील मातीच्या भांड्यांवर अप्रतिम चित्रें आढळतात. पण तीं काढणाऱ्या बहुतेकांचीं नांवें काळानें पुसून टाकलीं आहेत. इ. स. पूर्वी ५८० च्या सुमारास अथेन्समध्यें सोफिलोस नांवाच्या चित्रकारानें भांड्यावर आपलें नांव घातलें, म्हणूनच तो आज जगाला ठाऊक आहे.

आपल्या शनिवार पेठेंतहि असाच एक कलावंत वावरला. त्याचें नांव गंगाराम चिंतामण तांबट. आडनांव सांगतें कीं, घराणें तांब्याच्या कारागिरीचें. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत पुण्याच्या दरबारीं चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्या पुढाकारानें शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ सालीं पुण्यास आला व त्यानें येथील होतकरूंस पाश्चात्त्य पद्धति शिकविली.

म्हणून गंगारामास ‘वेल्सचा शिष्य’ म्हणण्याची प्रथा आहे. परंतु तेवढ्यानें त्याला न्याय मिळत नाहीं. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें त्याचें चित्र १७९० च्या नोव्हेंबरांतील आहे. म्हणजे वेल्सचें पुण्यास पाऊल लागण्यापूर्वींच हा हात तयार होता! पुढें त्यानें कसरत करणारे मल्ल रेखाटले, १७९५ सालीं पर्वतीचें दृश्य काढलें, आणि मॅलेटसाठीं वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें केलीं. छायाचित्रण निघण्यापूर्वींचें पुणें डोळ्यांनीं पाहावयाचें, तर या कागदांकडेच वळावें लागतें.

१७९५ सालीं वेल्स वारला आणि त्याच वर्षीं श्रीमंतांचाहि अंत झाला. शाळा ओसरली, १८२८ च्या आगींत वाडाहि भस्मसात् झाला. मॅलेटबरोबर विलायतेस गेल्यामुळें चित्रें मात्र वांचलीं. त्यांतील बरींच आज अमेरिकेंत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला-संग्रहालयांत आहेत.

मास्तरकीच्या दिवसांत मीं मुलांना अनेकदां शनिवारवाडा दाखविला. दिल्ली दरवाजा, कारंजें, नारायणरावांचा खून, सारें सांगितलें. गंगाराम मात्र सांगितला नाहीं, कारण मलाच तो ठाऊक नव्हता. ती चूक आज आपणांपुढें कबूल करतों. पुढल्या खेपेस मुलांना घेऊन त्या चौथऱ्यावर उभे राहाल, तेव्हां पेशव्यांच्या नांवांबरोबर या तांबटाचेंहि नांव त्यांच्या कानीं घाला. चित्रें परदेशीं असलीं, तरी नांव आपणांस येथें जपतां येईल.